तक्रारबाई आणि बिघडलेला साबण

नणंद आता कायमची आपल्याकडे राहायला येणार हे कळलं, त्या दिवशी भावजयीने शिवणयंत्र जरा जास्तच जोरात चालवलं. घर तीन खोल्यांचं. त्यातली एक पडद्यांच्या कापडांनी भरलेली, कारण पडदे शिवून देणं हा तिचा धंदा. ती खोली आता रिकामी करावी लागणार होती. पण खोलीचं दुःख एवढं नव्हतं. तिला धास्ती होती ती माणसाची.

नणंदेने म्हणजे ताईंनी सगळी नोकरी टेलिफोन कचेरीच्या तक्रार विभागात काढली होती. लग्न केलं नव्हतं. कानाला फोन लावून बसायचं आणि लोकांची बोलणी खायची, हेच काम. कुणाचा फोन बंद, कुणाच्या बिलात घोळ, कुणाच्या तारेत दुसऱ्याचंच बोलणं ऐकू येतंय. कचेरीत त्यांना सगळे तक्रारबाई म्हणायचे आणि हे नाव त्यांनी आनंदाने लावून घेतलं होतं. भावजयीला वाटलं, जन्मभर बिघाड शोधलेली ही बाई आता माझ्या संसारातले बिघाड शोधत बसणार.

तसं काही झालं नाही. ताई आल्या, आपली एक ट्रंक आणि एक खुर्ची घेऊन पडद्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात राहिल्या आणि म्हणाल्या की कापडं कुठेही हलवू नकोस, मला यंत्राच्या आवाजात छान झोप लागते. स्वयंपाकघरात पाय ठेवायच्या आधी त्या विचारायच्या. भाजीत मीठ कमी असलं तर गुपचूप वरून घ्यायच्या. भावजयीला उलट चुकल्यासारखं व्हायला लागलं. भांडायची तयारी करून बसावं आणि समोरचा येऊच नये, तसं.

मग साबणाचं निघालं.

भावजयीचा नवरा, ताईंचा धाकटा भाऊ, छापखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा. शाई आणि वंगण काढायला तिथे जे द्रावण वापरत, त्याने त्याच्या हातांची पार दुर्दशा झाली होती. बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या, त्यांतून रक्त यायचं. दुकानातला कुठलाही साबण लावला की आगआग व्हायची. एकदा कामावरच्या कुणीतरी त्याला घरी केलेल्या साबणाची एक वडी दिली. ती त्याला मानवली. झिजून झिजून ती नखाएवढी झाली, तरी तो ती बशीत जपून ठेवायचा. देणारा माणूस नोकरी सोडून गेला होता. ताईंनी ती नखाएवढी वडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, वास घेतला आणि म्हणाल्या, "हे माणसानेच केलंय ना? मग आपल्यालाही येईल."

त्यांनी वाचनालयातून पुस्तक आणलं, हार्डवेअरच्या दुकानातून कॉस्टिक सोडा आणला, रबरी हातमोजे आणि डोळ्यांना लावायचा बंद चष्मा आणला. कृती कागदावर सोपी होती. सोडा पाण्यात विरघळवायचा, ते पाणी निवलं की तेलात ओतायचं, घोटायचं, साच्यात घालायचं आणि वड्या कापून महिना-दीड महिना वाळवायच्या. चूल लागत नाही, काही नाही. पुस्तकात भांडं स्टीलचं घ्या असं लिहिलेलं होतं. ताईंच्या लेखी चकचकीत दिसणारं प्रत्येक भांडं स्टीलचं होतं.

त्यांनी घेतलं ते भावजयीचं ॲल्युमिनियमचं मोठं पातेलं.

भावजय बाहेरून आली तेव्हा गॅलरीचं दार उघडं होतं, ताई तोंडाला रुमाल लावून लांब उभ्या होत्या आणि पातेलं फसफसत होतं. त्यातून उग्र वाफ येत होती. सगळं शांत झाल्यावर पाहिलं तर पातेलं आतून काळंठिक्कर पडलेलं, जागोजागी खड्डे. ते पातेलं तिला आईने दिलेलं नव्हतं की त्याच्याशी कसल्या आठवणी जोडलेल्या नव्हत्या, पण ते तिचं होतं आणि कामाचं होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.  दोन दिवस ती ताईंशी अजिबातच बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी ताई तिच्या यंत्राजवळ येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुझी तक्रार आहे आणि ती बरोबर आहे. पण तू ती नोंदवलीच नाहीस तर मी सोडवू कशी? बोल बघू. जे तोंडात येईल ते बोल. मला सवय आहे."

भावजय बोलली. पातेल्यापासून सुरुवात केली आणि खोलीपर्यंत आली. नवऱ्याने आपल्याला न विचारता परस्पर हो म्हटलं होतं, तेही बाहेर पडलं. ताईंनी मध्ये एकही शब्द बोलून तिला तोडलं नाही, आपली बाजू सांगितली नाही. ऐकून झाल्यावर इतकंच म्हणाल्या की पातेलं आज आणते, साबणाचा पसारा गॅलरीत नेते आणि खोलीचं मी भावाशी बोलते, कारण तुला विचारायला हवं होतं. आणि संध्याकाळपर्यंत तिन्ही गोष्टी केल्या. भावजयीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की ऐकून घेणं हे एक काम असतं आणि ते कुणी मन लावून केलं की राग धरून ठेवायला जागाच उरत नाही.

पुढचे साबणही बिघडलेच. एकदा मिश्रण घोटता घोटता लवकरच दाट झालं म्हणून ताई खूश झाल्या, साच्यात ओतलं, आणि दुसऱ्या दिवशी खाली पाणी अन् वर तेल असे दोन थर. दुसऱ्या वेळी वड्या कापायला गेल्या तर साबणाचा भुगा झाला. दुसरं कुणी असतं तर हात टेकले असते. ताई बिघडलेला साबण समोर घेऊन बसायच्या आणि रुग्णाला विचारावं तसे त्याला प्रश्न विचारायच्या. पाणी किती गरम होतं? तेल किती? घाई केली का? पुढच्या खेपेला त्या एकच गोष्ट बदलायच्या, एकच. भावजय म्हणायची, दोन बदलल्या तर लवकर होईल की. ताई म्हणायच्या, होईल, पण कशाने झालं ते कळणार नाही.

दोन थरांचं कोडं मात्र भावजयीनेच सोडवलं. ती पडद्याची दुमड घालत होती आणि सहज गॅलरीत नजर गेली. ताई घोटत होत्या, मिश्रण पुन्हा झटक्यात दाट झालं होतं. ती म्हणाली, "ताई, हे साबण होतंय म्हणून दाट नाही झालं. थंडीत बाटलीतलं खोबरेल गोठतं ना, तसं दिसतंय. आज गारठाही आहे." ताईंनी मिश्रणात बोट घातलं, मोजा होता हातात, आणि तिच्याकडे वळून असं पाहिलं की भावजय लाजली. भांडं कोमट पाण्यात ठेवलं, तर दाट मिश्रण पुन्हा पातळ झालं. मग नेटाने घोटलं. या खेपेला चमच्याने वरून धार सोडली की मिश्रणावर रेघ उमटून राहायला लागली. पुस्तकात हीच खूण दिलेली होती. तो साबण झाला. महिन्याभराने भाऊ त्याने हात धुऊन आला आणि हात पुसायचे सोडून नुसता बघत राहिला, कारण कुठेच आग होत नव्हती.

तिथून गोष्ट पसरली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वडी नेली, त्यांच्या बहिणीने स्वतः करून पाहिला, तो बिघडला, तिने ताईंना फोन केला. तिने आणखी कुणाला नंबर दिला. वर्षभरात असं झालं की साबण करू पाहणारं कुणीही अडलं की ताईंना फोन करायचं. ताई तोच जुना आवाज काढायच्या, सपाट आणि गोड: "बोला, काय झालंय?"

भावजय शिवता शिवता ऐकायची. एका बाईंनी लवंगेचं तेल भरमसाट घातलं होतं आणि भांड्यातच साबणाचा दगड झाला, आत घोटणी उभीच्या उभी रुतलेली. एका गृहस्थांनी दूध घालून साबण केला आणि वरून जाड रग गुंडाळून ठेवला, तर तो साच्यातून उतू जाऊन टेबलावरून खाली चालला होता. ताईंनी त्यांना रग काढायला, खिडक्या उघडायला सांगितलं आणि हातमोज्यांशिवाय काही पुसायला जाऊ नका म्हणून बजावलं, आणि फोन ठेवल्यावर मग पोट धरून हसल्या. फोनवर कधीच हसल्या नाहीत. एकीच्या मनगटावर सोड्याचं पाणी उडालं होतं आणि ती हातात फोन धरून रडत होती. ताईंचा आवाज चढलेला भावजयीने तेव्हा एकदाच ऐकला. "फोन ठेव. आधी नळाखाली हात धर, भरपूर वेळ. मग डॉक्टर. साबण गेला खड्ड्यात."

आणि ज्या साबणाबद्दल शंका आहे तो फेकायला लावायच्या. लोक हळहळायचे, इतकं तेल गेलं म्हणायचे. ताई म्हणायच्या, अंगाला लावायची वस्तू आहे, तिथे चालवून घ्यायचं नाही.

एक दिवस एक तरुण सून घरीच आली. भेटवस्तूंच्या दुकानात ती कामाला होती आणि मालकिणीने तिला साबण करून आण, विकून बघू, असं सांगितलं होतं. तिने पिशवीतून चार वड्या काढून मांडल्या. चारही एकाच कृतीच्या, पण वेगवेगळ्या खेपांच्या. एक छान होती. एक तेलकट, बोटाला चिकटणारी. एक खडूसारखी ठिसूळ. चौथी ताईंनी जिभेच्या टोकाला जेमतेम लावली आणि लगेच चूळ भरायला उठल्या, कारण झणका बसला होता. म्हणजे त्यात सोडा जास्त होता.

सुनेने मग खरं कारण सांगितलं. तिच्या मते कृती चुकत नव्हती. सासूबाई चुकवत होत्या. साबण करताना त्या सारख्या मागे येऊन उभ्या राहतात, हे असंच का, तेवढंच का, विचारतात, आणि आपली पाठ वळली की काहीतरी ओतत असणार. पुरावा काय, तर सासूबाई थोरल्या मुलाकडे राहायला गेल्या की साबण हमखास चांगला होतो. त्या परत आल्या की बिघडतो. तिने कपाटाला कुलूप लावलं होतं. नवराबायकोत बोलणं बंद होतं. ती म्हणाली, वेगळं राहायचं बघतोय आम्ही.

भावजयीला सुनेचं म्हणणं पटलं. इतकं उघड दिसत होतं. पण ताईंनी मान हलवली नाही, हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"सासूबाई नसतात तेव्हा तू साबण कुठे बसून करतेस?"

सून म्हणाली, बाहेरच्या खोलीत, जेवायच्या टेबलावर. तिथे जागा मोठी आहे. सासूबाई असल्या की पसारा नको म्हणतात, म्हणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर. ताई एवढंच म्हणाल्या की मला तुझा ओटा बघायचाय. कुणाच्या घरी त्या कधी जात नसत. जाताना त्यांनी भावजयीला बरोबर घेतलं, माझ्यापेक्षा तुझी नजर चांगली आहे म्हणून.

सासूबाई दारातच आखडून उभ्या होत्या. आपल्या घरात आपल्यावरच पंच आणून बसवलेत हे त्यांना कळत होतं. चहाचंही त्यांनी विचारलं नाही. स्वयंपाकघर अगदी लख्ख होतं, डबे उंचीप्रमाणे लावलेले, ओटा पुसून कोरडा. कपाटाला कुलूप. ताईंनी सुनेला नेहमीसारखी तयारी करायला सांगितली. तिने कुलूप काढलं, तेलं काढली, आणि ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलेला वजनकाटा सुरू केला. काटा एका जाड, मऊ बैठकीवर ठेवलेला होता. आत कापूस भरून, वरून बारीक टाके घालून शिवलेली, कडेला निळी पट्टी. भावजयीने ते शिवणकाम पाहिलं आणि मनात म्हणाली, हात चांगला आहे. मग तिला दिसलं की काट्याचे पाय त्या गादीत रुतलेत आणि काटा एका बाजूला किंचित कलला आहे.

तिने ताईंकडे पाहिलं. ताईंनी ते आधीच पाहिलं होतं. त्यांनी साखरेचा न फोडलेला एक किलोचा पुडा मागितला आणि काट्यावर ठेवला. काट्याने भलताच आकडा दाखवला. पुडा उचलून काट्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, तर आणखी वेगळा. सून म्हणाली, काटा बिघडलाय की काय? ताई म्हणाल्या, बघू, पण आधी तू खाली जाऊन दुकानातून शुद्ध पाण्याचा एक कॅन घेऊन ये, नळाचं पाणी नको. सून गेली. कॅनची काही गरज नव्हती, हे भावजयीला नंतर कळलं.

दार लागल्यावर ताईंनी काटा गादीवरून उचलून उघड्या ओट्यावर ठेवला आणि पुडा त्यावर ठेवला. बरोबर एक किलो. पुडा कसाही फिरवा, एक किलो.

सासूबाई पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताठा हळूहळू उतरला. त्यांनी ओट्याला हात टेकला.

"ही गादी तुम्ही शिवलीत," ताई हळू आवाजात म्हणाल्या.

"नवा काटा आणला होता तिने. महागाचा." सासूबाई म्हणाल्या. "दगडावर घासून ओरखडे पडतील, म्हणून शिवली. तिला सांगितलंही नाही. म्हटलं, दिसेलच."

"मऊ जागेवर काटा खोटं बोलतो. टेबलावर ही गादी नसते, म्हणून तिथे साबण जमतो. सोडा जरासा इकडेतिकडे झाला की साबण बिघडतो. बाकी काही नाही."

"म्हणजे मीच बिघडवला."

"गादीने बिघडवला. पण हे तिला मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

सासूबाई कसंनुसं हसल्या. "मी सांगितलं तर ती म्हणेल, बघा, मी म्हणतच होते."

"म्हणेल. तुम्ही सांगितलंत तर एकदाच म्हणेल. मी सांगितलं तर जन्मभर म्हणेल."

भावजयीला वाटलं, ही बाई कबूल करायची नाही. काटा ओट्यावर आहेच, गादी उचलून खणात टाकली की कुणाला कळणार? ताईंनीही ती तिथेच राहू दिली, आणि सासूबाईंकडे पाठ करून खिडकीबाहेर पाहत उभ्या राहिल्या. भावजयीला हे फार धाडसाचं वाटलं.

सून कॅन घेऊन धापा टाकत आली. सासूबाईंनी गादी दोन्ही हातांत धरली होती. त्यांनी सगळं सांगितलं, काहीही न वगळता, पुड्याचे आकडेसुद्धा. सांगताना त्या सुनेकडे बघत नव्हत्या, निळ्या पट्टीकडे बघत होत्या.

सून म्हणाली, "बघा, मी..." आणि थांबली. कॅन खाली ठेवला. मग तिने गादी हातात घेतली, टाक्यांवरून बोट फिरवलं, आणि विचारलं, "माझ्या काट्यासाठी शिवली?"

"ओरखडे पडू नयेत म्हणून."

"आणि मी कुलूप लावलं." सून मटकन खाली स्टुलावर बसली. मग सासूबाईंनी विचारलं, चहा टाकू का.

त्या दिवशी तिथेच साबण केला. सासूबाईंनी वजनं वाचून दाखवली आणि सुनेने ओतलं. दुसऱ्या दिवशी सुनेचा घाबरून फोन आला की वड्यांवर पांढरी भुकटी आली आहे. ताईंनी सांगितलं, ती नुसती वरवरची आहे, वाफेवर धर नाहीतर पुसून टाक, बाकी साबण ठणठणीत आहे.

परत येताना भावजयीने विचारलं होतं, "ताई, त्या बोलल्याच नसत्या तर?"

"तर मी सुनेला म्हटलं असतं, काटा ओट्यावर ठेव. साबण नीट झाला असता."

"आणि घर?"

ताई थोडं चालल्या. "कचेरीत आम्ही तार जोडून द्यायचो. फोनवर काय बोलायचं ते त्यांचं त्यांना ठरवावं लागायचं."

सासू-सून वेगळ्या राहिल्या नाहीत. साबण दुकानात विकला जातो, कापडी वेष्टणाची शिवण सासूबाई घालतात. त्या दोघी काही गुळासारख्या गोड झाल्या आहेत असं नाही. अधूनमधून बिनसतंच, आणि मग दोघीही ताईंना फोन करतात, सून दुपारी, सासूबाई संध्याकाळी, एकमेकींना न सांगता. ताई दोघींनाही विचारतात, बोला, काय झालंय.

भाऊ आता निवृत्त झाला आहे आणि ताईही थकल्या आहेत. पडद्यांची खोली अजून पडद्यांचीच आहे. मधूनमधून ताईंना ऐकू कमी येतं, तेव्हा भावजय फोन घेते. पहिल्या वेळी समोरच्या बाईंनी साबण मेणासारखा मऊ राहिल्याची तक्रार केली आणि भावजयीला तोंडावर आलेलं उत्तर गिळून आधी सगळं ऐकून घ्यावं लागलं. हे किती कठीण आहे ते तिला तेव्हा समजलं. शेजारणी विचारतात की नणंदेबरोबर इतकी वर्षं कशी काढलीस. ती म्हणते, काढली नाहीत, गेली. आणि ताईंसारखं माणूस मी दुसरं पाहिलं नाही, हेही ती आता मोकळेपणाने सांगते, ताईंच्या समोरसुद्धा. ताई ऐकू न आल्यासारखं करतात.

परवा ताईंच्या स्वतःच्या वड्यांवर केशरी डाग उठले. तेल जुनं म्हणावं तर नवं होतं, भांडं तर स्टीलचंच. ताईंनी एक वडी मधोमध कापून खिडकीच्या उजेडात धरली, वास घेतला, नाक मुरडलं आणि वडी भावजयीपुढे सरकवली.

"मला काही कळत नाहीये. तुला काय वाटतं?"

भावजयीने यंत्र थांबवलं, हातातला पडदा बाजूला ठेवला आणि विचारलं, "या वड्या वाळवायला कुठे ठेवल्या होत्या?"